विचारायला पैसे नाहीत

आमच्या दाजींच्या कचेरीतलं घड्याळ भिंतीकडे तोंड करून टांगलेलं आहे. समोर बसणाऱ्याला त्याची पाठ दिसते, पाठीतली बॅटरी दिसते आणि पिवळं पडलेलं गॅरंटीचं लेबल दिसतं. घड्याळ चालू आहे, टिकटिक ऐकू येते, फक्त किती वाजले ते भिंतीला कळतं. नवा माणूस हमखास विचारतो, "घड्याळ उलटं का हो लावलंय?" दाजी चष्म्याच्या वरून बघतात. "वेळ बघून बोलायचं असेल तर एसटी स्टँडवर जा. इथं बोलून झालं की उठायचं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहुरीत पस्तीस वर्षं लोकांचे हिशेब लिहितात, विवरणपत्रं भरतात. लोक त्यांना सीए म्हणतात आणि दाजी प्रत्येक वेळी दुरुस्त करतात, "सीए नाही. करसल्लागार." एकदा एका लग्नात पत्रिका वाचणाऱ्याने माइकवरून "सीए साहेबांचं स्वागत" असं म्हटलं, तेव्हा हे अक्षता हातात घेऊन स्टेजवर गेले आणि माइक मागून दुरुस्ती करून आले. मंगलाष्टकं दोन मिनिटं थांबली होती. अक्का अजून त्या घरी हळदीकुंकवाला जात नाही.

अक्काशी लग्न होऊन दाजी राहुरीला स्थायिक झाले तेव्हा मी नववीत होतो. मी दाजी म्हणायचो म्हणून माझे मित्र दाजी म्हणायला लागले. पुढे मित्रांनी दुकानं टाकली, कुणी खताचं, कुणी भांड्यांचं, मी पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं. पण दाजी ते दाजीच राहिले. आता मित्रांची पोरंसुद्धा दाजी म्हणतात. थोडक्यात सगळी बाजारपेठ त्यांची सासुरवाडी झाली, आणि सासुरवाडीला बिल पाठवणं किती अवघड असतं हे कुठल्याही जावयाला विचारावं. धोंड्याच्या महिन्यात दाजींना दहा घरांतून अनारशांच्या जेवणाचं बोलावणं यायचं. फीचा विषय निघाला की तीच दहा घरं म्हणायची, "दाजी, घरचंच तर आहे."

कामाची पद्धतही घरचीच होती. वर्षभर कुणी कचेरीचा जिना चढायचं नाही. जुलै आला की जिन्यावर पिशव्यांची रांग लागायची. खताच्या गोणीपासून ते साडीच्या दुकानाच्या चकचकीत पिशवीपर्यंत सगळे प्रकार, आणि प्रत्येकीत वर्षभराची बिलं कोंबलेली. मी मेहुणा असल्यामुळे माझी पिशवी सगळ्यात वाईट असायची. एका वर्षी माझ्या पिशवीतून पाइपांच्या बिलांबरोबर भुईमुगाच्या शेंगा, मुंग्या आणि माझ्या मुलाचं सहावीचं प्रगतिपुस्तक निघालं. दाजींनी बिलं ठेवून घेतली आणि बाकीचं परत पाठवलं. प्रगतिपुस्तकावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "गणितात पस्तीस. बापावर गेलाय."

काम झालं की घासाघीस. "दाजी, नुसत्या दोन सह्यांचे दोन हजार?" मग दाजी चिडायचे, हजारावर यायचे आणि ते हजार दिवाळीनंतर कांद्याच्या गोणीच्या रूपाने यायचे. अक्काने एका वर्षी एवढ्या कांद्याची भजी केली की त्यांची पुण्याची मुलगी सुट्टी अर्धी टाकून परत गेली.

हे सगळं दाजींनी एका पाडव्याला मोडीत काढलं.

सकाळी गुढी उभारून झाल्यावर ते स्कूटर काढून दुकानोदुकान फिरले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक छापील कागद दिला. माझ्याही दिला. त्यावर लिहिलं होतं की यापुढे कामाप्रमाणे फी नाही, दर महिन्याला ठरलेली वर्गणी. लहान दुकान, मध्यम दुकान, मोठं दुकान, असे तीन आकडे. वर्षभर आकडा बदलणार नाही. कितीही कागद आणा, कितीही फोन करा. मात्र महिन्यातून एकदा कचेरीत येऊन बसावं लागेल, काम असो वा नसो. आणि खाली प्रत्येक कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल शाईत लिहिलं होतं: "विचारायला पैसे नाहीत. न विचारता केलं तर शंभर रुपये दंड."

मी म्हटलं, "दाजी, काम नसताना येऊन बसायचं आणि करायचं काय?"

"काम पडल्यावर येता तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं," दाजी म्हणाले. "त्याच्या आधी या."

"आणि हे खूळ कुठून आलं डोक्यात?"

"पोरगी म्हणाली, पुण्यात सगळं असंच असतं. तू मोबाईलला रिचार्ज मारतोस ना? तेव्हा बोलशील तेवढ्याचे मोजून देतोस का?"

मी मोबाईलवर काय बोलतो आणि किती बोलतो हे अक्काला ठाऊक असल्यामुळे मी विषय वाढवला नाही. मध्यम दुकानाच्या आकड्यावर सही केली. पुढच्या सहा महिन्यांत मी चार वेळा दंड भरला. एकदा बायकोच्या भावाला जामीन राहिलो म्हणून, एकदा हप्त्यावर इन्व्हर्टर घेतला म्हणून आणि दोनदा कशासाठी ते इथे सांगण्यासारखं नाही. दाजींच्या दंडाच्या वहीत पहिलं पान माझं आहे, हे ते नव्या माणसाला उदाहरण म्हणून दाखवतात.

पण बाजारपेठेला वर्गणी कळायला वेळ लागला. महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे, ही गोष्ट लोकांना अगदीच नवी नव्हती. दूधवाल्याला देतात, पेपरवाल्याला देतात, डब्याला देतात. त्यामुळे लोकांनी दाजींनाही त्याच रांगेत बसवलं आणि खाडे धरायला सुरुवात केली.

पहिला खाडा बाबूरावने धरला. बाबूराव म्हशींचा व्यापारी. बाजाराच्या दिवशी घोडेगावला असतो, एरवी म्हशींच्या मागे असतो. मी त्या दिवशी माझी बैठक भरायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं.

"दाजी, ह्या म्हैन्यात म्या काय इच्यारलंच न्हाई," बाबूराव म्हणाला.

"मग?"

"मग खाडा धरा की. दुधाचा धरत्यात तसा."

"दूध नाही घेतलंस तर गवळ्याकडं दूध उरतं. तू विचारलं नाहीस तर माझ्याकडं काय उरलं?"

बाबूरावने टोपी काढून डोकं खाजवलं. "अक्कल उरली की. ती म्होरल्या म्हैन्याला वापरा."

मला हसू आलं. दाजींना नाही आलं. त्यांनी वही ओढली. "या महिन्यात म्हशी किती घेतल्या?"

"तीन."

"पैसे कसे दिले?"

"कसे म्हंजी? रोख."

"मला विचारलं?"

"दाजी, तुमास्नी म्हशीतलं काय कळतंय?"

"म्हशीतलं नाही कळत. रोखीतलं कळतं. दंड."

बाबूरावने शंभराची नोट काढून ठेवली आणि जाताना दारातून मला म्हणाला, "लई महाग पडतंय बाबा हे फुकटात इच्यारणं." पण पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी त्याने फोन केला, हे मला दाजींनीच सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराच्या बापासारखा झाला होता.

खाड्याची साथ मग सगळीकडे पसरली. एका भांडेवाल्याने वर्गणीबरोबर चिठ्ठी पाठवली: "गावी गेलो होतो, नऊ दिवस वजा." एकाने आईचं आजारपण लावलं. दोन भाऊ म्हणाले, आमचं दुकान दोन पण चूल एक, तर वर्गणी एकच का नको. शेवटी दाजींनी जिन्यात पाटी लावली, "येथे खाडा धरला जात नाही." खालच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे येणाऱ्या लोकांना वाटायचं की वर खानावळ निघाली. दोघंतिघं जेवायला वर येऊन गेले. दाजींनी त्यांनाही वर्गणी समजावून सांगितली.

याच्या उलट सरूबाई. हिची पिठाची गिरणी. लहान दुकानाच्या आकड्यात बसते आणि मोठ्या कारखान्याएवढं वसूल करते. रोज सकाळी दळण लावण्याआधी फोन. गिरणीचा दगड बदलू का? भिशी घेऊ का? सून म्हणते वेगळं राहू, काय सांगू? एकदा मी समोरच बसलो होतो, दाजींनी सुनेच्या प्रश्नावर अर्धा तास शांतपणे बोलून, दोन्ही बाजू मांडून, शेवटी "एक गॅस वेगळा देऊन बघा, घर नको" असा निकाल दिला.

मी म्हटलं, "दाजी, हे वर्गणीत बसतं?"

"विचारलं ना तिनं?"

"हो."

"मग बसतं."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग भाऊसाहेब दाजींना सोडून गेले.

भाऊसाहेबांची सिमेंट आणि सळईची एजन्सी, तीन दुकानं, बाजारपेठेत शब्दाला वजन. दाजींच्या कमाईतला मोठा वाटा त्यांच्या एकट्याचा होता. त्यातून दाजींची कचेरी ज्या गाळ्यात होती तो गाळाही त्यांचाच. वर्गणीचा आकडा त्यांना जड नव्हता. वर्षाला मिळून तो पूर्वीच्यापेक्षा कमीच भरत होता. त्यांचं दुखणं दुसरंच होतं. माझ्या दुकानात येऊन पाइपांच्या बंडलावर हात ठेवून ते म्हणाले, "मी काय शाळेतलं पोरगं आहे का, दर महिन्याला हजेरी लावायला? आणि दंड? मला?"

"दंड मलाही आहे," मी म्हणालो.

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

ही गोष्ट त्यांनी ज्या सहजपणे सांगितली, त्यावरून मला माझ्याविषयी बाजारपेठेचं मत कळलं.

भाऊसाहेबांनी फायली उचलल्या आणि नगरच्या एका सल्लागाराकडे नेल्या. ते गेले म्हटल्यावर त्यांच्या मागे आणखी चोवीस जण गेले. दाजींनी एकालाही अडवलं नाही. उलट प्रत्येकाची फाईल नव्या दोऱ्याने बांधून दिली. "नीट ने. पाऊस आहे." अक्का म्हणायची, यांना राग आला तर बरं, पण हे दोरा आणायला स्वतः जातात.

चार महिन्यांनी भाऊसाहेबांचा निरोप आला, तो माझ्यामार्फत. नगरचा माणूस महागडा निघाला होता आणि फोन उचलत नव्हता. तेव्हा भाऊसाहेब परत यायला तयार होते. बाकीच्यांनाही घेऊन येणार होते. अट एकच: पूर्वीसारखं वर्षाचं काम, वर्षाचे पैसे एकरकमी, बैठक नाही, दंड नाही. आणि हे जमणार नसेल तर महिनाअखेर गाळा मोकळा करून द्यावा, त्यांच्या पुतण्याला मोबाईलचं दुकान टाकायचं आहे.

मी आधी अक्काकडे गेलो. ही माझी सवय आहे. अवघड निरोप मी आधी बहिणीकडे नेतो. म्हणजे दाजींचं बोलणं खायच्या आधी निदान चहा मिळतो. दाजी जेवायला घरी आले होते. त्या दोघांचं चार दिवसांपासून बोलणं बंद असल्याचं मला ताट वाढल्यावर कळलं.

"विचार तुझ्या दाजींना," अक्का मला म्हणाली, "या वयात गाळा सोडून कुठं जाणार आहेत ते."

दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या अक्काला सांग, आमटीत मीठ कमी आहे."

"त्यांना सांग, गिऱ्हाईकं कमी झाली की मीठही कमी होतं."

"तिला सांग, अजून एकतीस आहेत."

"एकतीस," अक्का म्हणाली. या वेळी ती थेट त्यांच्याशीच बोलली आणि तिचा आवाज बदलला होता. "छप्पन होते. पोरीचं लग्न व्हायचंय. भाऊसाहेब स्वतःहून येतोय तर तुम्हाला काय हवंय नेमकं? हट्ट कशाचा आहे हा?"

दाजींनी ताटात हात धुतला. मला म्हणाले, "काम आहे का तुला?"

दुकानात नोकर होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

"चल मग. एक बैठक राहिलीय."

स्कूटरवर मागे बसणं माझ्या वजनाला आणि त्यांच्या स्कूटरला दोघांनाही परवडत नाही. चढावर दाजी मला "पुढं सरक, पुढं सरक" म्हणत होते आणि पुढे फक्त तेच होते. नगर रस्त्याला चारपाच किलोमीटर गेल्यावर एका मंगल कार्यालयाच्या फाटकाशी त्यांनी स्कूटर थांबवली. लग्नसराई संपलेली, आत चिटपाखरू नाही. फाटकाजवळच्या खुर्चीवरून निळ्या गणवेशातला वॉचमन उठला. शर्ट त्याला ढगळ होता, पण बाह्या मोजून आत घेतलेल्या दिसत होत्या. जवळ आल्यावर मी ओळखलं. दत्तोबा.

शाळेसमोरचं टेलरिंगचं दुकान दत्तोबाचं. माझे शाळेचे कपडे त्याने शिवले, माझ्या मुलाचेही. माझ्या लग्नाचा सफारीसुद्धा त्याचाच. तेव्हा मी म्हटलं होतं, जरा सैल ठेवा, अंग वाढेल. त्याने ठेवला, आणि अंगाने त्याला खोटं पाडलं नाही.

"दत्तोबा, तुम्ही इथं कसे?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर वाटलं की विचारायला नको होतं.

"हाय आता हितंच," तो म्हणाला. "दीड वर्स झालं. बसा."

त्याने स्वतःची खुर्ची मला दिली, कारण दाजी आधीच बाकड्यावर बसले होते. तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. "काही विचारायचं?" दाजी म्हणाले.

"न्हाई दाजी."

"कागद वगैरे काही आला?"

"न्हाई."

मग दोघे काहीच बोलले नाहीत. मी अशा ठिकाणी बोलून टाकणारा माणूस आहे. पण त्या दोघांच्या गप्प बसण्यात एक सवय होती, तिच्या मध्ये पडायचं धाडस मला झालं नाही. मध्येच दत्तोबा म्हणाला की तुळशीचं लग्न झाल्यावर तारखा फुल्ल आहेत. दाजी म्हणाले, चांगलं आहे. थोड्या वेळाने दाजींनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं, एक पावती लिहून फाडली आणि दत्तोबाला दिली. त्याने ती घडी करून वरच्या खिशात ठेवली. त्याने पैसे दिल्याचं मला दिसलं नाही.

परत येताना उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर थांबलो. मी विचारलं, "दाजी, दत्तोबाला कसली वर्गणी? त्याचं तर दुकानच नाही."

दाजींनी रसातला बर्फ चमच्याने काढून टाकला. ते बराच वेळ बर्फच काढत होते.

"दोन वर्षांमागं त्याला कर खात्याचं पत्र आलं," ते म्हणाले. "इंग्रजीत. शिक्का वगैरे असलेलं. त्यानं ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. तीन महिने. झोप नाही, काही नाही. बायकोलाही सांगितलं नाही. मग त्यानं ठरवलं, दुकानच नसलं तर पत्र कुणाला येईल? दोन्ही मशिनी विकल्या. गाळा सोडला. आणि जुलैत पिशवी घेऊन आला माझ्याकडं, दर वर्षीसारखा. वरच तो लिफाफा होता."

"काय होतं त्यात?"

"मोबाईल नंबर बदलला असल्यास कळवा."

गुऱ्हाळाचा चरक थांबला होता. मालक ऊस सोलत होता.

"मी ओरडलो त्याच्यावर," दाजी म्हणाले. "म्हटलं, अरे चार गल्ल्या सोडून बसतो मी. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. विचारायचं नाही का? तर म्हणाला, दोनदा आलो होतो दाजी. जिना चढून दारापर्यंत आलो. तुमच्या दारावर पाटी हाय, सल्ला पाचशे रुपये. पाचशे मोडून इच्यारायचं, आन् तुम्ही म्हनणार दुकान बंद कर. मग म्हटलं बंद करायला कशाला पाचशे."

मी ग्लास खाली ठेवला. ती पाटी लावायची कल्पना माझी होती. लोक फुकटात डोकं खातात म्हणून दाजी एकदा कुरकुरत होते, तेव्हा मी म्हटलं होतं, दवाखान्यात असते तशी पाटी लावा, आपोआप गर्दी कमी होईल. पेंटरही मीच पाठवला होता. मला त्या वेळी माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

दाजींना हे आठवत असणार.

"तो कचेरीत येत नाही आता," ते म्हणाले. "जिना चढवत नाही म्हणतो. म्हणून मी जातो महिन्याला. वर्गणी मी भरतो. पावती दिली की त्याला वाटतं, आपलं खातं चालू आहे."

"भाऊसाहेबांना काय सांगू?"

"सांग की वर्षातून एकदा पिशवी बघण्याच्या नादात मी एका माणसाचं दुकान घालवलंय. परत वर्षाचं काम घेणार नाही. महिनाअखेरची वाट बघू नको म्हणावं, शनिवारी किल्ली देतो."

"आणि बसणार कुठं?"

"बघू."

मी त्यांना पहिल्यांदा बघू म्हणताना ऐकलं. माझ्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे मी मोडक्या मोटारी आणि न खपलेले नळाचे कॉक ठेवतो. ती द्यायचं मी बोलून गेलो. बोलल्यावर लक्षात आलं की बायकोला विचारलेलं नाही, आणि तिच्याही दंडाची पद्धत आहे. दाजी म्हणाले, "भाडं किती घेणार?"

"दाजी, घरचंच तर आहे," मी म्हणालो.

"पस्तीस वर्षं ऐकतोय ते. महिन्याचा आकडा सांग."

मी सांगितला. त्यांनी तो वाढवला. मेहुण्याशी उलटी घासाघीस करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

अक्काला मीच सगळं सांगितलं. ती शनिवारी झाडू आणि फडकी घेऊन आली, माझे कॉक एका कोपऱ्यात सारले, कपाट पुसलं आणि दाजींना म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"न सांगितल्याचा दंड नाही का तुमच्या वहीत?"

दाजींनी मुकाट्याने शंभर रुपये काढून दिले. तिने ते कमरेला खोचले आणि पुन्हा पुसायला लागली.

तेव्हापासून दाजींची कचेरी माझ्या दुकानामागे आहे. येणाऱ्याला पाइपांच्या बंडलांमधून तिरकं होऊन आत जावं लागतं. वर्गणीदार चाळीसपर्यंत आलेत, त्यात बाबूरावने घोडेगावच्या बाजारातून आणलेले पाच व्यापारी आहेत आणि ते सगळे खाडा धरतात. पोरीचं लग्न साधेपणाने होईल असं दाजी म्हणतात. अक्का म्हणते, बघू.

गेल्या महिन्यात एका सोमवारी भाऊसाहेब दुकानात आले. हातात एक जाड लिफाफा होता आणि तो त्यांनी असा धरला होता की कुणाला दिसू नये. "दाजी आहेत का?" त्यांनी हळू विचारलं. मी आत गेलो.

आत दत्तोबा बसला होता. अंगावर गणवेश नव्हता, धुतलेला पांढरा शर्ट होता. तो कधी येऊन आत गेला ते मला गिऱ्हाइकाच्या गडबडीत कळलंच नव्हतं. दाजींनी टेबलावरचे सगळे कागद बाजूला केले होते आणि हाताची घडी घालून बसले होते.

"काही विचारायचं?" ते म्हणत होते.

"न्हाई दाजी. आज सुट्टी हुती. म्हनून आलो."

दाजी उठले, पंख्याचं तोंड त्याच्याकडे फिरवलं आणि परत खुर्चीवर बसले.

मी म्हणालो, "दाजी, भाऊसाहेब आलेत. घाईत दिसतात."

"थांबायला सांग," दाजी म्हणाले. "आत माणूस बसलाय."

मी बाहेर येऊन तसं सांगितलं. भाऊसाहेबांनी मान तिरकी करून पाइपांमधून आत बघायचा प्रयत्न केला. "कोण आहे? मोठं गिऱ्हाईक आहे का?"

"हो," मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी लिफाफा या हातातून त्या हातात घेतला. मी त्यांना स्टूल पुढे केलं. ते जरा वेळ उभे राहिले, मग बसले. आतून अर्धा तास कुणाचाच आवाज आला नाही.